पोचा

माणसाचे नाक बसके असले तर लोक निदान त्याच्या तोंडावर काही बोलत नाहीत. मोटारीच्या बाबतीत एवढीही सभ्यता कोणी पाळत नाही. श्रावणात आमच्या गाडीचे नाक बसले, आणि तेव्हापासून अंबरनाथ पूर्वेतल्या आमच्या गल्लीत असा माणूस उरला नाही, की ज्याने फाटकाशी थांबून, मान तिरकी करून "कशी हो ठोकली?" असे विचारले नाही. दूधवाल्याने विचारले, पोस्टमनने विचारले, समोरच्या दवाखान्यात तापाने फणफणत निघालेल्या एका गृहस्थानेही आपला ताप क्षणभर विसरून विचारले. शाळेत सहावीच्या पोरांनी तर फळ्यावर गाडीचे चित्रच काढून ठेवले. चित्र चांगले होते. मी चित्रकलेचा मास्तर. मला त्याला गुण द्यावे लागले.

या सर्वांना माझे एकच उत्तर असे : "काय सांगू! गाय आडवी आली."

हे उत्तर मला इतके सोयीचे वाटले, की सांगता सांगता ती गाय माझ्या डोळ्यांपुढे उभी राहू लागली. पहिल्या आठवड्यात ती नुसती गाय होती. दुसऱ्या आठवड्यात ती तांबडी झाली. गणपतीपर्यंत तिचे एक शिंग मोडले. मी कादंबऱ्या लिहितो. पात्र एकदा जन्माला आले की ते वाढू लागते, याला माझा इलाज नाही.

खरी गोष्ट अशी, की त्या संध्याकाळी बदलापूरच्या रस्त्यावर गाय नव्हती. कुत्रेसुद्धा नव्हते. भुरभुर पाऊस होता, शेजारी आई पट्टा लावून डुलक्या घेत होती, आणि माझ्या मनात माझ्या नव्या कादंबरीचे सतरावे प्रकरण चालू होते. त्या प्रकरणात नायिका ठरलेले लग्न मोडते. ते तिने कोणत्या शब्दांत मोडावे, हे मला नेमके त्याच वेळी सुचले. रस्ता डावीकडून उजवीकडे वळला. मी वळलो नाही. एका मोरीच्या दगडी कठड्यावर गाडी जाऊन थडकली. वेग फार नव्हता म्हणून बरे. आईच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला आणि डावे मनगट मुरगळले. माझ्या अंगाला खरचटलेसुद्धा नाही. नायिकेचे वाक्य मात्र मी कायमचे विसरलो.

आईने डोळे उघडून विचारले, "काय झाले रे?" आणि माझ्या तोंडून शब्द गेले, "गाय आडवी आली."

एवढ्या वर्षांच्या लेखनात इतक्या सहजतेने मला एकही ओळ सुचलेली नाही.

ही गाडी कोणती, तेही सांगितले पाहिजे. प्रीमियर पद्मिनी, १९८६ सालची, दुधी रंगाची. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनी काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटचे हे देशी रूप तयार होई. १९७४ साली तिला पद्मिनी हे नाव मिळाले, पण आमच्या घरात तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत आले. एके काळी ती मिळायला माणसाला वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. वडिलांना तेवढा धीरही नव्हता आणि तेवढा पैसाही नव्हता. त्यांनी १९९५ साली ती दुसऱ्या हाताने घेतली. ते इथल्याच एका कारखान्यात फिटर होते. रविवारी सकाळी ते तिच्या पोटाखाली शिरत आणि जेवायला हाक मारली की बाहेर येत. त्यांना जाऊन आठ वर्षे झाली. पंधरा वर्षांपुढच्या गाडीची दर पाच वर्षांनी तपासणी करून नोंदणी पुढे चालू ठेवावी लागते. ती मी न चुकता करीत आलो, ते गाडीसाठी कमी आणि वडिलांसाठी जास्त.

भाऊबीजेला आईला बदलापूरला मामाकडे नेणे, हे या गाडीचे वर्षातले मुख्य काम. मामा ऐंशीच्या घरात, आई शहात्तरची. आगगाडीने गेले तर एका स्टेशनाचा प्रवास. पण वडिलांनी पहिल्या वर्षी तिला गाडीतून नेले, तेव्हापासून ओवाळणीचे ताट मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसून जायचे, हा तिचा रिवाज पडला. यंदा मात्र तिने स्पष्ट सांगितले : "मी त्या गाडीत पुन्हा बसायची नाही."

सौभाग्यवती म्हणाली, "आई घाबरल्यात." मलाही तसेच वाटले. शेजारच्या बायका मनगटाची चौकशी करायला आल्या, तेव्हा आई शांतपणे म्हणाली, "गाय आडवी आली, असे म्हणतो तो." यातल्या 'म्हणतो तो' या दोन शब्दांकडे माझे लक्ष गेले नाही. लेखकाला दुसऱ्याचे शब्द क्वचितच ऐकू येतात.

दोन गॅरेजवाल्यांना गाडी दाखवली. एकाने खर्चाचा आकडा सांगितला. तो गाडीच्या किमतीहून मोठा होता. दुसऱ्याने आकडाच सांगितला नाही. त्याने भंगारवाल्याचा पत्ता सांगितला. विमा होता, पण तो दुसऱ्याचे नुकसान भरून देणारा. स्वतःच्या नाकाला त्यातून दमडी मिळणार नव्हती. तेव्हा वडिलांची हत्यारांची पेटी माळ्यावरून खाली काढली. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांच्या अक्षरात खडूने लिहिलेले अजून दिसत होते : 'आधी मोज, मग मार.'

पण मोजायचे काय आणि मारायचे कुठे? माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, वर चित्रकला-शिक्षकाची पदविका. तेवढ्यावर मोटारीचा पत्रा सरळ होत नाही. चिरंजीवांनी एक माणूस शोधून आणला. उल्हासनगरच्या कॅम्पातले एक म्हातारे सिंधी कारागीर, सारे त्यांना उस्ताद म्हणतात. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींचे पोचे काढण्यात त्यांची चाळीस वर्षे गेली. त्या टॅक्सी म्हणजे बहुतेक पद्मिनीच. मुंबईत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ची. वीस वर्षांची मर्यादा संपली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती जात रस्त्यावरून नाहीशी झाली. उस्तादांचे हात त्याच्या आधीच थरथरू लागले होते. ते म्हणाले, "मास्तरजी, हातोडी तुम्ही धरा. मी खुर्चीवर बसून शिव्या देईन." हा करार मला पटला.

पहिल्या दिवशी त्यांनी मला हातोडीला हात लावू दिला नाही. आधी बॅटरीची तार काढायला लावली. मग बंपर, जाळी, दिवे, एकेक वस्तू उतरवायची. निघालेला प्रत्येक नट-बोल्ट चिवड्याच्या रिकाम्या डब्यात, आणि डब्यावर चिठ्ठी. पाणी काढून रेडिएटर उतरवला. पंख्याच्या एका पात्याने त्याच्या जाळीत दात रोवले होते. हे सारे झाल्यावर उस्ताद खुर्ची ओढून गाडीच्या अगदी समोर बसले आणि एखाद्या वैद्याने जीभ पाहावी तसे बराच वेळ पाहत राहिले.

"कशाला ठोकली?"

"कठड्याला. गाय आडवी आली होती."

त्यांनी माझ्याकडे पाहिले, पुन्हा पत्र्याकडे पाहिले. "गाय चुकवणारा माणूस चाक फिरवतो. त्याचा मार तिरका येतो. पत्रा एका अंगाला लोळतो. हा मार सरळ आहे, मास्तरजी. नाकाच्या रेषेत." मग खिशातून तंबाखूची डबी काढीत म्हणाले, "असेल. गाई हल्ली सरळ येत असतील."

मी घासकागद शोधण्याच्या निमित्ताने घरात गेलो.

दुसऱ्या दिवशी मोजमाप. यात मला थोडा भाव चढला, कारण हे माझे क्षेत्र. पद्मिनीला ट्रकसारखी वेगळी लोखंडी चौकट नाही. पत्र्याचा सांगाडा हाच तिचा कणा. तेव्हा पुढचा भाग वाकला म्हणजे नुसता चेहरा बिघडत नाही, चाकांची बैठकही हलू शकते. ते डोळ्याला दिसत नाही. ते कर्णांवरून कळते. समोरासमोरच्या बाजू सारख्या असलेल्या चौकोनाचे दोन्ही कर्णही सारखे असले तर तो काटकोनात आहे, हे मी वीस वर्षे मुलांना शिकवीत आलो. इथे ओळंबा सोडून जमिनीवर चार खुणा केल्या, गाडी ढकलून बाजूला घेतली आणि फरशीवर दोरी धरून कर्ण मोजले. एकवीस मिलिमीटरचा फरक आला. फरशीवर खडूने काढलेला तो वाकडा चौकोन पाहून मला प्रथमच मनापासून वाईट वाटले. पोचा हा अपघात वाटतो. एकवीस मिलिमीटर हा आरोप वाटतो.

ओढकामाला रविवार धरला. गाडीची मागची बाजू आमच्या जुन्या घराच्या जोत्यातल्या लोखंडी कडीला बांधली, पुढे जांभळाच्या बुंध्याला गोणपाट गुंडाळून चेन-पुली लावली. साखळीवरही ओली गोणपाटे टाकली. साखळी तुटली तर ती सापासारखी उसळते, म्हणून तिच्या रेषेत कोणी उभे राहायचे नाही, अशी उस्तादांची सक्त ताकीद होती. गल्लीतली पोरे कुंपणाच्या भिंतीमागे बसली. थोडे ओढायचे, थांबायचे, पत्र्याला पडलेल्या चुण्यांवर हलक्या हाताने ठोकायचे म्हणजे आतला ताण सुटतो, मग पुन्हा मोजायचे. बरोबर मापावर आणून साखळी सैल केली, तर पत्रा पुन्हा चार मिलिमीटर मागे गेला! उस्ताद हसले. "त्याला वाकण्याची सवय झाली. मापाच्या थोडे पुढे ओढा, मग तो मापावर येऊन बसेल." दिवेलागणीपर्यंत दोन्ही कर्ण एका रेघेवर आले. त्या रात्री मला हात उचलून भात खाता येईना.

पुढचे दोन आठवडे ठोकाठोकीचे. आमच्या शेजाऱ्यांचे उपकार मी या ठिकाणी जाहीरपणे मानतो. पोचा काढणे म्हणजे मागून हातोडी मारून फुगवणे, असा माझा समज होता. तसे केले की पत्रा ताणून पातळ होतो आणि तव्यासारखा डबडब वाजू लागतो. खरी रीत उलटी आहे. पत्रा ज्या क्रमाने आत गेला त्याच्या उलट क्रमाने त्याला बाहेर आणायचे : जी चुणी शेवटी पडली ती आधी सोडवायची, जिथे पहिला मार बसला तिथे सर्वांत शेवटी जायचे. कडेपासून सुरुवात, मध्याला घाई नाही. एका बाजूने डॉली म्हणजे हातात मावेल अशी गुळगुळीत ऐरण धरायची आणि दुसऱ्या बाजूने हलके हलके घाव. शंभर हलके घाव चालतात, एक जोराचा चालत नाही. ठोकताना तळहात पत्र्यावरून फिरवायचा. डोळ्याला न दिसणारा उंचवटा हाताला कळतो. उस्ताद डोळे मिटून हात फिरवीत आणि मी सकाळभर जिथे खपलो त्या जागेवर बोट ठेवून म्हणत, "इथे अजून खोटे आहे."

एका संध्याकाळी कंटाळून मी म्हणालो, "उस्ताद, उरलेला खड्डा लांबीने भरून टाकू. वरून रंग दिला की कोणाला कळणार?" लांबी म्हणजे पत्र्यावर भरायची पुट्टी.

"कोणाला नाही कळणार," ते म्हणाले. "दिवाळीत कळणार नाही, होळीत कळणार नाही. एका पावसाळ्यानंतर तिच्या मागे पाणी शिरेल, पत्रा आतून गंजेल, आणि एक दिवस सगळी खपली हातात येईल. लांबी केसाएवढ्या फटीला असते, मास्तरजी. खड्ड्याला हातोडीच लागते."

ते पत्र्याविषयीच बोलत होते. तरी मला वाटले, की हा म्हातारा त्या तांबड्या गाईला चांगला ओळखतो.

बाकीचे लवकर उरकले. रेडिएटर उल्हासनगरला नेऊन त्याला डाग दिला आणि तो पाण्याच्या टाकीत बुडवून, हवा भरून, बुडबुडे येत नाहीत याची खात्री करून घेतली. जाळी आणि डाव्या दिव्याची कडी काही केल्या मिळेना. शेवटी चिरंजीव आणि मी कुर्ल्याच्या सी. एस. टी. रोडवरचा भंगार बाजार पालथा घातला. जिथे जन्म झाला तिथूनच गाडीला नवे नाक मिळाले. स्टिअरिंग आणि ब्रेक यांना मात्र मी हात लावला नाही. ते एका जाणत्या मेकॅनिकला दाखवले आणि चाकांची ओळही यंत्रावर तपासून घेतली. हौसेलाही मर्यादा असावी; जिथे दुसऱ्याचा जीव बसतो तिथे ती थांबावी. मग रेड ऑक्साइडचा हात, केसाएवढ्या फटींना लांबी, पाण्यातला कागद आणि शेवटी रंग. दुधी रंग पुष्कळ मिळवून पाहिला, तरी नव्या नाकाची दुधी छटा जुन्या अंगापेक्षा किंचित उजळच राहिली. नवी सून सासरच्या माणसांत उभी राहावी तशी.

वसुबारसेच्या संध्याकाळी एकच काम उरले : दिव्यांचा रोख बसवणे. सपाट जमिनीवर गाडी भिंतीपासून पंचवीस फुटांवर उभी करायची, भिंतीवर दोन्ही दिव्यांच्या उंचीच्या खुणा करायच्या आणि उजेडाचा जोर त्या खुणांच्या थोडा खाली येईल असे स्क्रू फिरवायचे. मी खडूने दोन फुल्या काढल्या. अंगणात सौभाग्यवती गाय-वासराची पूजा करून नुकतीच परतली होती. गल्लीच्या टोकाला एकांकडे गाय आहे. तिच्या हातात निरांजन होते. चिरंजीव मोठ्याने म्हणाले, "आई, बाबांच्या गाईलाही एक फूल वाहायचे होतेस! तिच्यामुळे आपल्याला एवढे शिकायला मिळाले."

सगळे हसले. मी दिव्यांचे बटण दाबले. भिंतीवर दोन गोल उजेड पडले. उजवा जागेवर, डावा आकाशाकडे पाहत असलेला. त्या उजेडात आई पायरीवर बसलेली दिसली. ती हसत नव्हती. कापूस घेऊन वाती वळत होती. डाव्या मनगटाला तिने अजून पट्टी बांधलेली होती.

ज्या जनावराची आज घरोघरी पूजा झाली, त्याच्यावर मी तीन महिने माझी चूक लादली होती. आणि ज्या पोराने माझ्याबरोबर रात्री जागवून एकवीस मिलिमीटर सरळ केले, तो त्या खोट्यावर हसत होता. मी खाली उतरलो. हातातल्या स्क्रू-ड्रायव्हरकडे पाहत म्हणालो, "आई, त्या दिवशी गाय नव्हती."

"माहीत आहे," आई म्हणाली. वात वळणे थांबले नाही.

"तू जागी होतीस?"

"तुझे ओठ हलत होते. लिहायला बसलास की हलतात तसे. मी म्हटले, आता हाक मारावी. तोवर कठडा आला."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"मी काय बोलायचे? पोचा तुझा."

चिरंजीव भिंतीकडे पाहत होते. सौभाग्यवतीने निरांजन खाली ठेवले. उस्ताद खुर्चीवर होते. त्यांनी तंबाखूची डबी उघडली आणि न घेताच मिटली.

थोड्या वेळाने मी भीतभीत विचारले, "मग आता भाऊबीजेला... आगगाडीनेच?"

"कशाला?" आईने वातींचा जुडगा पदरात घेतला. "अरे, गाईला मी भीत होते. तिचा काय भरवसा? रस्त्यावरची गाय, ती उद्या पुन्हा आडवी येईल, तू काय करणार? चूक तुझी असली तर तू सुधारशील. तुझ्या शेजारी बसायला मला भीती नाही."

मी डाव्या दिव्याचा स्क्रू फिरवू लागलो. हात जरा हलत होता, म्हणून वेळ लागला. चिरंजीव भिंतीजवळ उभे राहून सांगत होते, "खाली... अजून खाली... थांबा, बाबा." उजेडाचा गोल हळूहळू उतरला आणि फुलीवर येऊन बसला.

भाऊबीजेला आम्ही सकाळी निघालो. ताट आईच्या मांडीवर, पट्टा तिच्या खांद्यावर, मागे दोघे. बदलापूरच्या रस्त्यावर ती मोरी आली. कठड्याच्या एका दगडावर दुधी रंगाचा ओरखडा अजून होता. मी वेग कमी केला. आईने त्या दगडाकडे पाहिलेही नाही. ताटातली सुपारी सरळ करीत ती म्हणाली, "वळण आले रे."

"दिसतेय," मी म्हणालो, आणि वळलो.